‘शिस्त’ या शब्दाचा जुना अर्थ : मावळची बंदूक, पुण्याची तालीम आणि आजचा कॅडेट

राष्ट्रीय छात्रसेनेच्या, म्हणजे एनसीसीच्या, शिबिरात रायफलीचे शिक्षण सुरू झाले की उस्ताद तीन गोष्टी घोकून घेतात : मजबूत पकड, दुरुस्त शिस्त आणि चापावरचा ताबा. मराठी मुलामुलींची येथे क्षणभर गफलत होते. त्यांच्या लेखी शिस्त म्हणजे रांग, वेळ, गणवेश आणि गप्प बसणे. लष्करी हिंदीत मात्र ‘शिस्त लेना’ म्हणजे नेम धरणे.

शब्द फारसीतून आला आहे. नेम हा त्याचा अर्थ जुन्या मराठीलाही परका नव्हता. जुन्या कोशांत तो दिलेला आढळतो. पुढे बोलीतून नेम गळाला आणि वळण, व्यवस्था, आज्ञापालन एवढेच उरले. एनसीसीच्या ‘एकता आणि अनुशासन’ या ब्रीदाचे मराठी रूप आपण ‘एकता आणि शिस्त’ असे सहज करतो. त्या शब्दाच्या पोटात एक बंदूक दडलेली आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

तरुणांना नेम शिकवावा आणि त्याबरोबर इतिहासही शिकवावा, ही जोडी मराठी मुलखात कशी घडली, याचा हा धागा आहे. ती कथा सरळ रेषेत जात नाही. बंदूक कोणी धरावी, तालमीत कोणी पाऊल टाकावे आणि इतिहास कोणाचा सांगावा, हे तिन्ही प्रश्न तिच्यात पुन्हा पुन्हा आडवे येतात.

आरंभ मावळातून करू. वेल्ह्याहून केळदकडे निघालेला रस्ता तोरण्याच्या परिसरातून पासलीला येतो. पासलीच्या पुढे केळद आणि केळदच्या पुढे मढे घाट, जिथे सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसू लागते. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचे शव याच घाटाने उमरठ्याला नेले, अशी परंपरा आहे. तोरण्याला शिवाजी महाराजांनी प्रचंडगड हे नाव दिले, आणि भोर संस्थानात या भागाच्या तालुक्याचे नावही प्रचंडगड असेच होते.

या मुलखातल्या मावळ्याचे जे चित्र आपल्या मनात ठसले आहे त्यात तलवार असते, ढाल असते, क्वचित भाला असतो. बंदूक जवळजवळ नसतेच. चित्रपटांनी आणि शाळेच्या भिंतींवरील चित्रांनी हे चित्र पक्के केले. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात मावळी पायदळाचे जे वर्णन येते त्यात तलवार आणि ढालीच्या जोडीला तोड्याची बंदूक आहे. म्हणजे मावळा बंदूकधारी होता. मग तो बंदुकीसाठी का ओळखला गेला नाही?

याचे उत्तर यंत्रात आणि पावसात आहे. तोड्याची बंदूक चालवणे हे बरेच सोपस्कारांचे काम होते. नळीत दारू ओतायची, वर गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानावर रंजक घालायची, पेटता तोडा फुंकून निखारा जागा ठेवायचा आणि मग नेम धरून चाप ओढायचा. तोडा विझला, रंजक ओली झाली किंवा वाऱ्याने उडाली, की हातात लोखंडाची एक जड काठी उरे. मावळात पावसाळ्याचे चार महिने ही गत ठरलेली.

शिवाय पेटता तोडा अंधारात दिसतो आणि वासानेही कळतो. मराठ्यांच्या अनेक गाजलेल्या मोहिमा रात्रीच्या आहेत : पन्हाळ्यावरून पावसातली सुटका १६६० ची, लाल महालावरचा छापा १६६३ चा, सिंहगडाची चढाई १६७० ची. डफ एक बारीक तपशील नोंदवतो, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. दर दहाव्या माणसाजवळ बंदुकीऐवजी तिरकमठा असे, कारण दबा धरताना आणि रात्रीच्या हल्ल्यात बंदुका राखून ठेवल्या जात किंवा त्यांना सक्त मनाई असे. बंदुकीच्या युगात धनुष्य जपून ठेवणारे हे सैन्य मागासलेले नव्हते. आवाज केव्हा करायचा नाही, हे त्याला कळत होते.

निष्णात नेमबाज म्हणून डफ ज्यांचे नाव घेतो ते मावळे नव्हेत, हेटकरी. हेट म्हणजे खालचा प्रदेश, घाटाखालचे, विशेषतः दक्षिण कोकणातले हे लोक. त्यांच्या हाती चकमकीची बंदूक लवकर आली होती. हेटकरी लांबून अचूक मारी, परंतु तलवार उपसून अंगावर जाण्याच्या कामी मावळ्याची बरोबरी करीत नसे, असा डफचा अभिप्राय आहे. इंग्रज अधिकाऱ्यांना माणसांचे असे साचे पाडण्याची हौस होती, हे येथे विसरू नये. तरीही घाटावर एक कसब आणि घाटाखाली दुसरे, ही वाटणी मुळातच चुकीची म्हणता येणार नाही. घाटाखाली बंदरे होती, बंदरांत फिरंगी होते आणि फिरंग्यांजवळ बंदुका होत्या.

आता शिक्षणाचा प्रश्न. तलवार आणि पट्टा यांचा सराव फुकट होतो. लाकडी हत्यार आणि घाम एवढ्यावर काम भागते. बंदुकीच्या प्रत्येक बाराला दारू जळते, शिसे जाते, तोडा झिजतो. म्हणून नेमबाजीचे शिक्षण हा प्रथमपासून पैशाचा आणि पुरवठ्याचा मामला राहिला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांविषयीचे जे प्रकरण आहे त्यात दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर ठेवण्याची आणि दारू-बाण वेळोवेळी बाहेर काढून ऊन दाखवण्याची ताकीद आहे. हे वाचताना कोठाराचा हिशेब ठेवणारा एक त्रासलेला कारकून डोळ्यांपुढे उभा राहतो. पराक्रमाच्या पोवाड्यांत त्याला जागा नाही. पण बंदूक उडते ती त्याच्यामुळे.

हे शिक्षण देणारी चौकट सभासदाच्या बखरीत सापडते. जिंजीला राजाराम महाराजांच्या आश्रयाने १६९७ मध्ये लिहिलेल्या या बखरीनुसार नऊ पाइकांवर एक नाईक, पन्नास माणसांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी. नवा पोरगा जे काही शिकला असेल ते त्याच्या नऊ सोबत्यांत आणि नाइकाच्या नजरेखाली. आजच्या एनसीसीत सेक्शन साधारण तेवढ्याच माणसांचा असतो, आणि लष्करात हवालदार हा हुद्दा तर शब्दशः तोच आहे. यातून अखंड परंपरा सिद्ध होते असे नव्हे. हवालदार आणि नाईक हे शब्द इंग्रजांच्या पलटणींनी उचलले आणि तेथून ते आपल्याकडे परत आले. परंपरा बहुधा अशाच परक्या घरी राहून परतते.

पुण्यावर इंग्रजांचे निशाण १७ नोव्हेंबर १८१७ ला चढले आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. गड ओस पडले. किल्ल्यांच्या राखणीवर जगणारी रामोशी, मांग, महार, कोळी अशी कुटुंबे एका फटक्यात बेकार झाली. हत्यार हे त्यांचे वतन होते आणि वतनच निरर्थक झाले. पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडीचे उमाजी नाईक याच परिस्थितीतून बंडाकडे वळले. त्यांना १८३१ च्या डिसेंबरात पकडले ते भोरजवळच्या उत्रोळीत, आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी दिले.

पुरंदरच्या पायथ्याच्याच पेठ या गावी १७९४ मध्ये लहुजी राघोजी साळवे जन्मले. वडील राघोजी १८१७ च्या लढाईत पडले, असे परंपरा सांगते. लहुजींनी पुण्यात तालीम घातली. गंज पेठेतली लहुजी वस्तादांची तालीम आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. तिथे कुस्ती होती, दांडपट्टा होता, घोड्यावर बसणे होते आणि गोळीने निशाण मारण्याची कसरतही होती.

तरुणांना शस्त्र आणि देशाचा विचार एकत्र देणारी आधुनिक महाराष्ट्रातली पहिली ठळक जागा कोणती, असा प्रश्न विचारला तर या तालमीचे नाव घ्यावे लागते. तिचे वेगळेपण शस्त्रांत नव्हते, वस्तादात होते. वस्ताद मांग जातीचे होते आणि त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहणारी मुले सगळ्या जातींची होती.

हे किती मोठे उलटापालट होते, ते समजण्यासाठी एका मुलीचा निबंध वाचावा लागतो. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत छापला गेला. मुक्ता ही लहुजींच्या नात्यातली होती, असे मानले जाते. निबंधात ती बाजीरावाच्या राज्याची आठवण काढते आणि एक भयानक गोष्ट सांगते. मांग किंवा महार माणूस तालीमखान्यापुढून नुसता गेला, तरी त्याचे मस्तक उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू केला जाई, असा तिचा आरोप आहे.

या विधानाला दुसरा समकालीन आधार मिळतो का, हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे आणि ते करायलाच हवे. पण निबंध छापला गेला तेव्हा पेशवाई संपून चाळीस वर्षेही झाली नव्हती. मुक्ताच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांनी तो काळ पाहिलेला होता. तालीमखाना या शब्दाशी त्यांच्या मनात काय जोडलेले होते, हे तिच्या वाक्यातून स्वच्छ कळते. त्याच पुण्यात, त्याच पिढीत, त्याच समाजाचा माणूस तालमीचा वस्ताद होतो. एवढा पल्ला गाठायला लहुजींना कोणाची परवानगी मागावी लागली असेल, की ती न मागताच त्यांनी आखाडा खणला असेल?

जोतीराव फुले यांनी तरुणपणी लहुजींकडे दांडपट्टा आणि गोळीच्या निशाणाची कसरत शिकली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. इंग्रजांना घालवून देण्याचे वेड त्या वयात त्यांच्याही डोक्यात होते. पुढे त्यांचा नेम बदलला. १८४८ मध्ये त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, मग अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या, आणि या शाळांत आपल्या जातीची मुले यावीत म्हणून लहुजींनी घरोघर खटपट केली. ज्या तालमीत पोरे जमत तिथूनच शाळेला पोरे मिळाली. बंदूक शिकवणारा वस्ताद मुक्तासारख्या मुलींच्या शिक्षणाचा पाठीराखा झाला, ही गोष्ट लहुजींच्या चरित्रात त्यांच्या शस्त्रकौशल्याइतकीच मोलाची आहे. जयंतीच्या फलकांवर मात्र केवळ पिळदार मिशा आणि तलवार दिसते.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. लहुजींच्या शिष्यांच्या याद्या काळाबरोबर वाढत गेल्या. त्यांत टिळक-आगरकरांपासून पुण्यातली बहुतेक सर्व मोठी नावे घातली जातात. त्या सगळ्या नावांना सारख्याच बळाचा पुरावा नाही. फुल्यांच्या बाबतीत आधार भक्कम आहे, वासुदेव बळवंत फडके यांचे नाव परंपरेने घट्ट धरून ठेवले आहे, उरलेल्यांविषयी जपून बोलावे. वस्तादांची थोरवी शिष्यांच्या संख्येवर अवलंबून नाही.

वासुदेव बळवंतांचा जन्म पनवेलजवळच्या शिरढोणचा, १८४५ चा. नोकरी पुण्यात, लष्कराच्या हिशेब खात्यात. विरोधाभास असा की, इंग्रजी फौजेचा जमाखर्च लिहिणारा हा कारकून सुटीच्या वेळी तरुणांना हत्यारे शिकवीत होता. १८६० मध्ये पुण्यात निघालेल्या ज्या शिक्षणसंस्थेची पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली, तिच्या संस्थापकांतही त्यांचे नाव येते. शाळा आणि शस्त्र ही जोडी येथेही आहेच.

१८७६-७७ च्या दुष्काळाने त्यांना हलवले. सुशिक्षितांकडून अपेक्षित साथ मिळेना, तेव्हा ते रामोशी-कोळ्यांकडे वळले. २३ फेब्रुवारी १८७९ ला शिरूर भागातल्या धामारीवर पहिला दरोडा पडला. त्यांचा मुख्य साथी दौलतराव नाईक रामोशी मे महिन्यात चकमकीत मारला गेला आणि बंडाचा कणाच मोडला. जुलैत फडके पकडले गेले. त्यांची रवानगी एडनला झाली. तिथून त्यांनी तुरुंगाचे दार बिजागरीतून उखडून पलायन केले, पुन्हा सापडले आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारले. लहुजींचा मृत्यू १७ फेब्रुवारी १८८१ चा. गुरू-शिष्यांच्या पुण्यतिथीचा हा योगायोग व्याख्यात्यांना फार आवडतो.

फडक्यांचे बंड शस्त्रांच्या तुटवड्यात लढले गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला होता. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले, आणि युरोपियन व अँग्लो-इंडियन यांना मात्र त्यातून सूट मिळाली. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याला परवाना हवा आणि शिकारीला आलेल्या साहेबाला नको. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला, आणि त्याच अधिवेशनात हिंदी लोकांसाठी लष्करी महाविद्यालये मागितली. मवाळ म्हणून हिणवल्या गेलेल्या पिढीची ही मागणी आहे, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

कायद्याचा खरा परिणाम दोन पिढ्यांनंतर जाणवला. नेम हे हाताचे ज्ञान आहे. ते पुस्तकात राहत नाही. ज्या घरात बंदूक नाही त्या घरात बाप मुलाला काय शिकवणार? २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या अगदी जवळून, बग्गीवर चढून. दामोदर चापेकरांना तरुणपणी फौजेत शिरायचे होते आणि ते साधले नव्हते. त्यांनीही मुलांना जमवून कसरती, कवायती करवल्या होत्या. लांबून शिस्त धरून मारण्याचे शिक्षण देशात आता फक्त सरकारी पलटणीत मिळत होते.

ते दार थोडे किलकिले झाले पहिल्या महायुद्धात. माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्सच्या कायद्याखाली विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या तुकड्या निघाल्या. १९२० च्या टेरिटोरियल फोर्सच्या कायद्याने त्यांचे युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोर झाले. मुंबई इलाख्यातल्या महाविद्यालयांची मुले खाकी घालून कवायत करू लागली. रायफल हाती आली, पण इतिहास नाही. ज्या राज्याची ती रायफल होती त्या राज्याला शिवाजी महाराज सांगण्याची हौस असण्याचे कारण नव्हते.

इतिहास आणि रायफल पुन्हा एका छपराखाली आणण्याचा ठळक प्रयत्न डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचा. बोअर युद्धात वैद्यकीय पथकात काम केलेले हे नागपूरचे नेते हिंदी तरुणांच्या लष्करी शिक्षणासाठी आयुष्यभर झटले. १९३१ च्या मार्चमध्ये युरोपातून परतताना ते इटलीत गेले, तिथल्या बालिला या फॅसिस्ट युवक संघटनेच्या संस्था त्यांनी पाहिल्या आणि १९ मार्चला मुसोलिनीची भेट घेतली. हे त्यांच्या रोजनिशीतच आहे. १९३५ मध्ये त्यांनी सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९३७ मध्ये नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल उघडले.

मुंजे यांची मूळ तक्रार खरी होती. हत्यारांच्या कायद्याने निःशस्त्र केलेल्या समाजाला उद्या स्वतःचे सैन्य उभारायचे होते आणि त्यासाठी अधिकारी हवे होते. प्रश्न त्यांनी निवडलेल्या चौकटीचा आहे. इतिहासाचे सैनिकीकरण एका धर्मसमाजाच्या नावाने करायचे, आणि त्यासाठी नमुना इटलीचा घ्यायचा, यात नेम कोणावर धरला जाणार याची सूचना आधीच मिळत होती. लहुजींच्या आखाड्यात जे दार सगळ्या जातींना उघडे होते, ते शतकानंतर संस्थेच्या नावातच अरुंद झाले. या धाग्यावर याविषयी मतभेद होतील. ते व्हावेत, परंतु तारखा आणि रोजनिशी समोर ठेवून.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. शाळा-महाविद्यालयांतील मुलांसाठी देशव्यापी छात्रसेना असावी, असे तिने सुचवले. राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा १६ एप्रिल १९४८ ला झाला आणि त्या वर्षीच्या जुलैत संघटना उभी राहिली. याच्या सव्वा महिना आधी, ८ मार्च १९४८ ला, दक्षिणेतल्या संस्थानांबरोबर भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले होते. तोरणा, राजगड आणि त्यांच्या भोवतालची गावे पंत सचिवांच्या राज्यातून प्रजासत्ताकाच्या वाटेवर आली, आणि जवळपास त्याच सुमारास तिथल्या पोरांना सरकारी रायफलीला हात लावण्याचा मार्ग कायद्याने खुला झाला.

१९४९ मध्ये मुलींचा विभाग निघाला. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये सक्ती उठली. त्या पाच वर्षांतले आजोबा अजून घराघरांत आहेत. कडक इस्त्रीचा गणवेश आणि उन्हात घोटलेली परेड याखेरीज त्यांना फारसे आठवत नाही. सक्तीने संख्या वाढते, पण वाट्याला गोळ्या तेवढ्याच येतात. पुन्हा तोच दारूखान्याच्या कारकुनाचा हिशेब.

कॅडेटला मिळते ती .२२ बोअरची रायफल. गोळीचा व्यास साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, धक्का नाममात्र. टप्पा सुमारे पंचवीस मीटर. पालथे पडायचे, डाव्या हाताने तोल घ्यायचा, दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट बसवायचा, मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत आणायची, श्वास अर्धा सोडून थांबायचे आणि चाप ओढायचा नाही, दाबायचा. पाच गोळ्या.

नंतर उस्ताद लक्ष्याचा कागद पाहतो तेव्हा नवख्याला आश्चर्य वाटते. मध्यावर लागलेल्या एका गोळीचे कौतुक होत नाही. पाचही भोके एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे तो मोजतो. याला ग्रुपिंग म्हणतात. पाचही गोळ्या कोपऱ्यात पण एका रुपयाएवढ्या जागेत असतील, तर चूक रायफलीच्या माशीत आहे आणि ती दोन मिनिटांत दुरुस्त होते. एक मध्यावर आणि चार विखुरलेल्या असतील, तर चूक माणसात आहे. नेम आणि वळण या दोन्ही अर्थांना एकच शब्द का लागला, हे त्या कागदाकडे पाहून कळते.

स्वतंत्र भारतात नेमबाजीला संघटित रूप देण्यातही एक मराठी नाव आहे. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, जे पुढच्या वर्षी लोकसभेचे पहिले सभापती झाले. घराणे मूळ रत्नागिरीकडचे, जन्म बडोद्याचा, राजकारण गुजरातेतले. असहकाराच्या चळवळीत उतरलेला, खादी वापरणारा हा गांधीवादी रायफल संघटनेचा अध्यक्ष होता. अखिल भारतीय मावळंकर नेमबाजी स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते.

आणि अंजली भागवत. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीच्या निमित्ताने त्या रायफलीपर्यंत पोहोचल्या. बंदूक हाती घेऊन जेमतेम आठवडा झाला असता १९८८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या महाराष्ट्राकडून उतरल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या, असे सांगितले जाते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. २००२ मध्ये दहा मीटर एअर रायफलमध्ये त्या जगात पहिल्या क्रमांकावर होत्या. एका आठवड्यात काय शिकून होते, असे विचारणाऱ्याला हे एक उत्तर आहे. अर्थात अपवादाला नियम समजू नये.

राहिला इतिहासाचा तास. कोल्हापूरकडे एनसीसीची पन्हाळा-विशाळगड मार्गावरची ‘शिवाजी ट्रेल’ ही मोहीम प्रसिद्ध आहे. देशभरातले कॅडेट ती वाट चालतात आणि पावनखिंडीत बाजीप्रभूंची कथा ऐकतात. वेल्ह्याकडेही मुलामुलींच्या तुकड्या तोरण्यावर चढतात. त्यांना १६४६-४७ च्या सुमाराची हकीकत सांगितली जाते : महाराजांनी आरंभीच घेतलेला गड, तिथे सापडलेले धन, त्यातून उभा राहिलेला राजगड. हे सांगितलेच पाहिजे.

त्याच गडाची १७०४ ची हकीकत मात्र बहुधा वगळली जाते. त्या वर्षी फेब्रुवारीत राजगड घेतल्यावर औरंगजेबाने तोरण्याला वेढा घातला. तोवर अनेक मराठी किल्ले त्याने पैसे मोजून ताब्यात घेतले होते. लाच न देता, प्रत्यक्ष चढाई करून त्याने घेतलेला गड म्हणून जदुनाथ सरकार तोरण्याचेच नाव घेतात. १० मार्चच्या रात्री अमानुल्लाखानाने थोडकी माणसे दोराच्या शिडीने कड्यावर चढवली. ती माणसे मुघलांच्या चाकरीतले मावळे होती. याच डोंगरांत वाढलेली, याच कड्यांची सवय असलेली. सिंहगडच्या रात्री जे कसब स्वराज्याच्या कामी आले, तेच कसब चौतीस वर्षांनी तोरण्यावर उलट बाजूने चढले. अंधारात आवाज केव्हा करायचा नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार.

पगार थकला म्हणून, वतन जप्त झाले म्हणून, घरच्यांना ओलीस धरले म्हणून, की त्या धामधुमीत राज्य नक्की कोणाचे हेच कळेनासे झाले म्हणून ते गेले? सिंहगडच्या तीनशे-चारशे माणसांप्रमाणे यांचीही नावे पोवाड्यात नाहीत. बादशहाने गडाला फुतूहुल्गैब हे नाव दिले, म्हणजे दैवी विजय. ते नाव टिकले नाही. काही वर्षांतच तोरणा पुन्हा मराठ्यांकडे आला.